ब्रॉडगेज येईल तेव्हा येईल, तोवर भराव पायांना द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शकुंतलेच्या, म्हणजे आमच्या मूर्तिजापूर–अचलपूर लाइनीवरच्या बंद पडलेल्या छोट्या गाडीच्या, आठवणी लिहिणाऱ्यांची आपल्याकडे टंचाई नाही. दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी लिहितंच, की गाडी कशी बैलबंडीच्या चालीनं जायची, माणूस उतरून बोरं तोडून परत चढायचा. वाचून मलाही बरं वाटतं. पण लिहिणारे बहुतेक पुण्या-नागपूरला स्थायिक झालेले असतात. मी अजून लाइनीपासून दीडशे पावलांवर राहतो. ज्या भरावावर हे रूळ टाकले, त्या भरावाबद्दल एक ओळही छापून आलेली मी वाचली नाही. ती लिहावी, आणि त्या भरावावर पायी-सायकलची वाट मागावी, म्हणून हे पत्र.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका लहान गावचा. १९७९ पासून वयाची ६५ वर्षं भरेपर्यंत गावोगाव टपाल पोचवलं. आज ज्यांना ग्रामीण डाकसेवक म्हणतात त्यांना २००१ पर्यंत खात्यात ‘ईडी’ म्हणत, म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल. ‘मी बावीस वर्षं ईडीत होतो’ असं आता म्हटलं की पोरं दचकून पाहतात. पगार यथातथाच, पेन्शन नाही, सायकल स्वतःची. दर्यापूरच्या पोस्टातून थैली घ्यायची, कॅरिअरला आवळायची आणि गाव गाठायचं. डांबरी रस्त्यानं आमचं गाव तेरा किलोमीटर. लाइनीच्या कडेनं नऊ. मी कोणत्या वाटेनं यायचो हे सांगायची गरज नाही.

रेल्वे कायदा १९८९, कलम १४७. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. रोजचा एक गुन्हा धरून हिशेब मांडला तेव्हा तुरुंगात काढायला मला चार-पाच जन्मही पुरणार नाहीत असं निघालं. आमच्या आख्ख्या पंचक्रोशीचा तोच हिशेब आहे.

त्याचं कारण आमची माती. आमचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचं पाणी खारट, जमीन काळीभोर आणि खोल. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. मृगाचे दोन सडाके झाले की तीच माती जोड्याला धरते, पाऊल उचललं तर किलोभर गारा, म्हणजे चिखल, सोबत येतो. सायकलचे हाल तर विचारूच नका. गारा आधी टायरला चिकटतो, मग टायर आणि मडगार्डच्या मधे दाटतो, मग ब्रेकच्या रबरांत शिरतो. शंभर पावलांत चाक फिरायचं थांबतं. उतरायचं, कुणाच्या कुपाटीतली पऱ्हाटीची काडी उपसायची, खरडायचं, पुन्हा शंभर पावलं. काडी मोडली की दुसरी. मी पावसाळ्याचे चार महिने मडगार्ड काढूनच ठेवायचो. मग चाक फिरायचं, पण गारा थेट पाठीवर उडायचा आणि बायको म्हणायची, टपाल वाटून आलात की रोवणी करून आलात.

या सगळ्या गाऱ्यात लाइनीचा भराव तेवढा कोरडा. मुरूम, खडी, दोन्ही बाजूंनी उतार, पाणी थांबायला जागाच नाही. ज्यांनी तो बांधला त्यांनी आमच्यासाठी बांधला नव्हता. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर न्यायचा, तिथून मुंबई, तिथून बोटीनं मँचेस्टर, हा त्यांचा व्यवहार. किलिक निक्सन कंपनीनं उभी केलेली ही अडीच फुटी लाइन, रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला ११३ किलोमीटर, दुसरा अचलपूरला ७६. कापूस मँचेस्टरला गेला आणि मँचेस्टरहून १९२१ सालचं इंजिन आलं, ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत आमच्या दारावरून धूर सोडत गेलं. मग डिझेल आलं. मग गाडीच बंद झाली. एवढ्या सगळ्यात आमच्या पदरात नेमकं काय पडलं, तर पावसाळ्यातली ही एक कोरडी पट्टी. ती घडवणारे हात आमच्याच आजा-पणज्यांचे होते, हे मात्र धरून चाला.

गावापासून अर्ध्या कोसावर नाल्यावर एक लहान पूल आहे. कठडा नाही. स्लीपरांच्या फटीतून खालचं पाणी दिसतं. तिथे सायकल खांद्यावर घ्यायची, थैली गळ्यात, आणि नजर पुढच्या स्लीपरवर. एकतीस स्लीपर. झोपेत विचारलं तरी सांगेन. एकदा अठराव्या स्लीपरवर असताना मागून शिट्टी झाली. थैलीत निराधार योजनेच्या मनीऑर्डरीचे पैसे. पळावं तर पाय फटीत जाईल, मागं फिरावं तर गाडी. मी आपला एकोणीस, वीस, एकवीस मोजत राहिलो. ड्रायव्हरनं गाडी नाल्याच्या अलीकडे उभी केली, मी पार होईपर्यंत थांबला, आणि मग माझ्या शेजारून जाताना मला जी शिवी हासडली ती आपण छापणार नाही. डब्यातले लोक हसत होते. ही झालीच आठवण, तीही पुणेकरांसारखीच, माफ करा. सांगायचा मुद्दा एवढाच की पुलावर दोन्ही बाजूंनी कठडा आणि मधे फळ्या टाकल्याशिवाय तिथून शाळेचं पोर पाठवू नये. ते पुढे लिहितोच.

दुसरी गोष्ट आठवणीतली म्हणावी इतकी जुनी नाही. गाडी बंद झाल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात शेजाऱ्याच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. दिवसभर झड लागलेली. पांदण, म्हणजे वावरांमधली मातीची वाट, कमरेएवढ्या गाऱ्यात. १०८ ला फोन लावला, गाडी आलीही, पण ती जुन्या फाटकापाशी डांबरी रस्त्यावर उभी. पुढे येणं शक्यच नव्हतं. मग बाज काढली. सून बाजेवर, वरून मेणकापड, चार कोपऱ्यांना चार माणसं, दोन जास्तीचे बदलीला, आणि भरावावर चढलो. दीड किलोमीटर. एरवी वीस मिनिटांची वाट. पण तोवर वेडी बाभळ लाइनीवर चढली होती. बाजेचे पाय फांद्यांत अडकायचे, बाज कलायची, सून ओरडायची. शेवटी एक जण इळा घेऊन पुढे झाला आणि फांद्या तोडत चालला, त्याच्यामागे मोबाइलचा उजेड धरून तिची सासू. फाटकापर्यंत पोचायला तास गेला. पोरगा त्याच रात्री दवाखान्यात झाला, सुखरूप. आता अंगणवाडीतून शाळेत गेला आहे आणि भयंकर वात्रट आहे. त्या रात्री भराव नसता तर काय झालं असतं ते लिहवत नाही. आणि आज तीच वेळ आली तर इळा घेऊनही पार होणार नाही, इतकी बाभळ माजली आहे.

बाभळीत काय राहतं? रोही आणि रानडुकरं. दिवसा तिथे झोपायचं आणि रात्री दोन्ही अंगांच्या वावरांत उतरायचं. ज्यांची वावरं लाइनीला लागून आहेत त्यांना विचारा, हरभऱ्याची राखण कशी करतात ते. लाइन चालू होती तेव्हा गँगमन फिरायचे, झुडपं छाटायचे. आता मालकी कंपनीची म्हणतात, चालवायची मध्य रेल्वेनं, आणि गाडीच नाही म्हटल्यावर छाटायचं कोणी?

आणखी एक गोष्ट, जी आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे पण कोणी बोलत नाही. भराव दर वर्षी बारीक होतो आहे. नांगर एक तास, म्हणजे एक ओळ, आत सरकतो, पुढच्या वर्षी अजून एक. कुठे कडबा रचलेला, कुठे गोठा, कुठे मुरूम खणून नेलेला. मी दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही. माझ्याही वावराचे तुरीचे दोन तास रेल्वेच्या हद्दीत आहेत, वडिलांपासून आहेत. वाट झाली तर पहिले ते जातील आणि जायलाच पाहिजेत. मी हे आपल्या पेपरात लिहितो आहे म्हणजे घरात बोलणी खाणार, हेही ठाऊक आहे.

आता पोरींचं. माझी नात नववीत आहे. आमच्या गावातून सहा मुली तालुक्याच्या दिशेनं शाळेला जातात. राज्यात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात, चांगली योजना आहे. नातीची सायकल मात्र मी जुन्या बाजारातून घेतली, चेन बदलली, सीट खाली केली. पण सायकल दिली म्हणजे वाट दिली असं होत नाही. पांदणीनं ती जून ते ऑक्टोबर चालत नाही. डांबरी रस्त्यावर बिनलाइटच्या ट्रॉल्या, कापसाचे ट्रक, वाळूचे टिप्पर. रस्त्याला कडा म्हणून नाही. मला स्वतःला एका ट्रकनं एका संध्याकाळी असंच कडेला ढकललं होतं. हात मोडला, थैली वाचली. कोणाचा ट्रक, नंबर काय, काही पाहता आलं नाही. नातीला मी त्या रस्त्यानं पाठवत नाही. मग ती पावसाळ्यात किती दिवस शाळेत गेली? यंदा जुलैत मी कॅलेंडरवर खुणा केल्या. अकरा दिवस. ती हुशार आहे म्हणून निभतं आहे. बाकीच्या पाच जणींचं काय निभतं ते मला माहीत नाही.

त्याच नातीनं मला मोबाइलवर दाखवलं की बंद पडलेल्या रेल्वे लाइनीवर चालायची आणि सायकलची वाट करायची ही काही नवी गोष्ट नाही. न्यूझीलंडमध्ये ओटागो नावाचा मेंढपाळी मुलूख आहे. तिथली लाइन १९९० मध्ये बंद पडली आणि २००० सालापर्यंत तिच्यावर दीडशे किलोमीटरची वाट पूर्ण झाली. आपल्या मूर्तिजापूर–यवतमाळहूनही लांब. आता लोक दुरून येऊन तिथे चार-पाच दिवस सायकल चालवतात, गावागावात मुक्काम करतात. नात म्हणाली, “आबा, आपल्याकडेही येतील लोक. अंजनगावचे पानमळे पाहतील, पानपिंपळी पाहतील, अचलपूरकडं संत्रा खातील, पुढं चिखलदऱ्याला जातील.” येतील तर येवोत, हिवाळ्यात आमचा मुलूख वाईट दिसत नाही. पण मी पाहुण्यांसाठी वाट मागत नाही. मला त्यातलं दुसरं उदाहरण जास्त पटलं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल आणि बाथ या दोन गावांच्या मधे बंद लाइनीवर १९७९ ते १९८६ या काळात वाट केली, पुष्कळशी स्वयंसेवकांच्या श्रमावर. तिच्यावरून लोक कामाला जातात, पोरं शाळेत जातात. बस. मला एवढंच पाहिजे.

एक खुलासा इथंच करतो, म्हणजे जंगलवाले माझ्यावर चिडायला नकोत. मी मेळघाटातून जाणाऱ्या जुन्या अकोला–खंडवा मीटरगेजबद्दल बोलत नाही. धूळघाटाचा तो वळसा डोळ्यांनी पाहिला आहे, पाहण्यासारखाच होता. पण ते जंगल वाघाचं आहे. तिथं रात्री-बेरात्री माणसाच्या सायकलीचं काम नाही.

आता मोठा आक्षेप. ब्रॉडगेज. मी ही गोष्ट चावडीवर काढली की पहिलं वाक्य हेच येतं : “बुढ्या, लाइनीवर वाट केली तर ब्रॉडगेज गेली म्हनून समज.” मी ब्रॉडगेजच्या विरोधात नाही. २०१६ मध्ये रेल्वेमंत्री सुरेश प्रभूंच्या काळात या लाइनीच्या रुंदीकरणाची घोषणा झाली, १५०० कोटींचा आकडा छापून आला, तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत मीही होतो. उद्या अचलपूरहून मूर्तिजापूरपर्यंत मोठी गाडी धावली तर मी पहिल्या दिवशीचं तिकीट काढीन, आणि या वेळी प्रथमच पैसे देऊन. (शकुंतलेत तिकीट काढणारा माणूस मी फार पाहिला नाही. खोटं का बोलू.)

पण माझं उलटं म्हणणं ऐका. गाडी परत यावी असं वाटतं ना, मग जागा कोण राखणार? आज ती जागा बाभळीच्या आणि नांगराच्या ताब्यात चालली आहे. वीस वर्षांनी मोजणीवाले आले तर त्यांना गोठे, विहिरी, घरं मिळतील आणि प्रत्येकाच्या मोबदल्याची केस उभी राहील. अमेरिकेत १९८३ मध्ये कायद्यात अशी सोय केली की बंद लाइनीची जागा वाट म्हणून वापरा, पण ती रेल्वेच्या नावानंच अखंड राहील आणि पुढे गरज पडली तर रूळ परत टाकता येतील. म्हणजे वाट हीच जागेची राखणदार. ज्या जागेवरून रोज सहा पोरी, चार दूधवाले आणि एखादा माझ्यासारखा बुढा जातो, तिथे गोठा बांधायची कोणाची छाती होत नाही. जिथे कोणी जात नाही तिथे आपोआप होतो. तेव्हा ब्रॉडगेज पाहिजे म्हणणाऱ्यांनी तर ही वाट सगळ्यात आधी मागावी. कागदावर स्पष्ट लिहून घ्या : रेल्वेचं काम सुरू होईल त्या दिवशी वाट बंद. आम्ही सही करतो.

आणि ज्यांना रूळ उखडू नयेत, ती जुनी छोटी गाडी वारसा म्हणून जपावी असं वाटतं, त्यांच्याशीही माझं भांडण नाही. रूळ उखडा असं मी म्हणतच नाही. रुळाच्या एका अंगाला, जिथून मी आयुष्यभर सायकल काढली, तिथेच मुरूम टाकून दाबा. जिथे भराव खचून अरुंद झाला आहे तिथे आधी भर घाला. रुळाच्या अगदी चिकटून मात्र नको, सायकलचं चाक रुळाला घासलं की माणूस आडवा होतो. माझा एक दात त्याची साक्ष आहे.

खरं भांडण घरातच आहे. माझा मुलगा शेती करतो, मला मान्य आहे की घर तो चालवतो. तो म्हणतो, “बाबा, रस्ता करा म्हनता अन् ट्रॅक्टर नको म्हनता, मंग तो रस्ता कायचा? पोरीच्या सायकलीसाठी का मुरूम टाकतात कोनी?” त्याची अडचण खोटी नाही. सोयाबीन निघतं ते दिवाळीच्या तोंडावर, परतीचा पाऊस आला की माल वावरात आणि गाडी डांबरीवर. मागच्या साली आम्ही पोती डोक्यावर काढली. तो ट्रॅक्टर मागणारच. त्याला पांदण रस्ता पाहिजे आणि तो मिळायलाच पाहिजे. पांदण रस्त्यांसाठी सरकारी योजना असते, तिच्यातून तो मागावा, ग्रामपंचायतीत मी त्याच्या बाजूनं हात वर करीन. पण लाइनीवर ट्रॅक्टर नको. भरलेली ट्रॉली ओल्या भरावावरून दोनदा गेली की कडा ढासळते, चाकोऱ्या पडतात, चाकोऱ्यांत पाणी थांबतं, आणि जी एकच कोरडी पट्टी होती तिची पांदण होते. शंभर वर्षांत आमच्या भागात कोरडी राहिलेली वाट ती एकच, कारण तिच्यावर चाक फक्त रुळावरून गेलं. हे मी त्याला तीनदा समजावलं. तो तीनदा उठून गेला. चौथ्यांदा त्याची पोरगीच बोलली, “बाबा, तुमचा ट्रॅक्टर गेल्यावर माझी सायकल कुठून जाईल?” त्यावर तो काही बोलला नाही. पटलं असं मी म्हणणार नाही.

तेव्हा फाटकाफाटकाशी खांब पाहिजेत. दोन खांबांत अंतर एवढं की सायकल, दूधवाल्याचे कॅन, अपंगाची तीनचाकी निघेल, ट्रॅक्टर निघणार नाही. वावरात जायला लाइन ओलांडावी लागते तिथे बंडी-ट्रॅक्टरला आडवा रस्ता जरूर ठेवा, नाहीतर पहिल्याच हंगामात खांब उपटले जातील, आणि ते रास्तच होईल. मोटरसायकली मात्र खांबांतून निघतीलच. त्यावर माझ्याकडे औषध नाही. गावातल्या पोट्ट्यांना आवरणं कोणत्याच सरकारला जमलेलं नाही.

सगळे ७६ किलोमीटर एकदम करा असं मी म्हणत नाही. मोठ्या पुलांचं, विशेषतः पूर्णेवरच्या पुलाचं, काम इंजिनिअरनं पाहिल्याशिवाय कोणी हात लावू नये. दर्यापूरच्या बनोसा स्टेशनापासून आमच्याकडचे नऊ किलोमीटर आधी करून पाहा. तेवढ्यात एकही मोठी नदी नाही, तो एकतीस स्लीपरांचा पूल आणि दोन मोऱ्या. पुलावर लोखंडी कठडा आणि जाड फळ्या. बाभळीची सफाई आणि मुरूम, ही तर रोजगार हमीची कामं, उन्हाळ्यात वावर रिकामं असतं तेव्हाची. पाणी लागेल, कारण खारपाणपट्ट्यात वाटेत विहीर असली तरी तिचं पाणी तोंडात धरवत नाही. मधल्या थांब्याच्या पडक्या खोलीला छप्पर घालून दोन रांजण ठेवले तर पाणपोई होते. पाण्याच्या टँकरचं मी बोलतो, रांजण भरायची जबाबदारी माझी.

कागद कोणाचा पाहिजे हा प्रश्न उरतो. जिल्हाधिकारी म्हणतील रेल्वेची जागा, रेल्वे म्हणेल कंपनीची लाइन, कंपनी कोणाला सापडणार. मी चाळीस वर्षं पाकिटांवर पत्ते वाचले, अपुऱ्या पत्त्याचं पाकीटही पोचवलं. हे पत्र मात्र नेमकं कोणाच्या नावे लिहावं ते ठरेना, म्हणून आपल्याकडे पाठवतो आहे. आपल्या खासदारांनी आणि जिल्हाधिकाऱ्यांनी रेल्वेसोबत एकदा बसून एवढंच लिहून घ्यावं : अमुक किलोमीटर ते अमुक किलोमीटर, रेल्वेचं काम सुरू होईपर्यंत, पायी आणि सायकलनं जाण्यास मनाई नाही. हे एक वाक्य लिहून मिळालं तरी आमची अर्धी वाट झाली.

गाडगेबाबा आमच्याच मुलखातले. जन्म अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा, लहानपण मूर्तिजापूरकडं दापुऱ्याला मामाच्या घरी. म्हणजे ही लाइन ज्या मुलखातून जाते तो त्यांच्या पायाखालचा. २३ फेब्रुवारीला त्यांच्या जयंतीला आमच्या गावात दर वर्षी झाडू घेऊन शाळेचं पटांगण झाडतात, फोटो काढतात. पटांगण आधीच स्वच्छ असतं. यंदा परवानगी मिळाली तर झाडूऐवजी इळे-कुऱ्हाडी घेऊन फाटकापासून नाल्यापर्यंतची बाभळ काढू. माझे दोन तास तुरीचे असतील तर तेही त्या दिवशी मोकळे करतो. तूर तोवर निघालेली असते.

पत्र लांबलं. काटछाट करायची असेल तर इंजिनाचं आणि ड्रायव्हरच्या शिवीचं काढा, पण बाजेचं आणि अकरा दिवसांचं राहू द्या.

आपला,
एक निवृत्त ग्रामीण डाकसेवक
ता. दर्यापूर, जि. अमरावती

ता. क. नातीनं पत्र वाचलं आणि विचारलं, “आबा, सराट्याचं नाही लिहिलं?” खरं आहे. मुरुमाच्या कडेनं सराटे उगवतात, पावसाळा सरला की वाळतात, आणि मग एका फेरीत दोन्ही चाकं पंक्चर. दर वर्षी दिवाळीआधी कडेची पट्टी खुरप्यानं खरवडावी लागेल. पंक्चरचं सामान मी पाणपोईत ठेवीन. सोल्युशन, कानस, जुन्या ट्यूबचे तुकडे. पंप मात्र साखळीनं बांधून.